शिंप्याच्या वहीतील इशारा

आमच्या आळीच्या तोंडाशी गेली चाळीस वर्षे शिवणकामाचे दुकान चालविणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. गिऱ्हाइकांची मापे ज्या लांबट वह्यांत ते टिपून ठेवतात, त्या वह्या दुकानातील एका फळीवर सालवार रचलेल्या असून, जुने गिऱ्हाईक आले म्हणजे मागील वही काढून नवे माप तिच्याशी ताडून पाहावयाचे, हा त्यांचा शिरस्ता आजतागायत मोडलेला नाही. मध्यंतरी काही कामासाठी त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी सहज एक वही उघडली आणि म्हणाले, "तुमच्या दादांचं माप अजून आहे बरं का माझ्याकडे." दादा म्हणजे माझे थोरले चुलतबंधू. त्यांच्या नावापुढे निळ्या शाईने लिहिलेले कमरेचे आकडे मी एकामागून एक वाचीत गेलो: लग्नाच्या वर्षी ३० इंच, नोकरीत कायम झाले तेव्हा ३२, मग ३४, पुढे ३७ आणि पन्नाशीच्या सुमारास ३९. त्यानंतरची, म्हणजे अगदी शेवटची नोंद पुन्हा ३२ इंचांची होती. हकीकत ज्याला ठाऊक नाही त्याला वाटावे, की या गृहस्थाने उतारवयात मेहनत करून शरीर कमावले. प्रत्यक्षात त्या वेळी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने त्यांना आतून पोखरून काढले होते, आणि जुने कपडे अंगावर ठरेनात म्हणून ते नवी पाटलोण शिवावयास टाकण्यासाठी आले होते.

दादांची कंबर ३० इंचांवरून ३४ इंचांवर गेली तेव्हा आमच्या घरात कोणालाही काळजी वाटली नव्हती. "लग्न मानवलं हो याला," असे काकू कौतुकाने म्हणत. नातेवाईक "खात्यापित्या घरचा दिसतो" असा दाखला देत. आणि शिंपीदादा आपल्या धंद्याच्या दूरदृष्टीने, "आत दोन बोटं कापड दाबून ठेवलंय, पुढंमागं उसवता येईल," असे सांगून प्रत्येक पाटलोणीत भावी विस्ताराची तजवीज करून ठेवीत. पुढे कधीतरी शौचावाटे रक्त जाऊ लागले. ते मूळव्याधीचेच असणार, असे घरातल्या सर्वांनी ठरविले; ज्या दवाखान्यात ते गेले तेथेही तपासणीवाचून तोच निर्णय झाला आणि मलम व चूर्ण यांवर जवळजवळ एक वर्ष निघून गेले. अखेर दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा आतड्याचा मार्ग निम्म्याहून अधिक बुजला होता. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, "हे काल-परवाचं नाही. दहाएक वर्षांपूर्वी हा एक लहानसा कोंब असणार. तेव्हा दिसला असता, तर काही मिनिटांत काढून टाकता आला असता." त्या दहा वर्षांचा हिशेब हाच माझ्या लेखाचा विषय आहे, कारण तशी दहा वर्षे आज असंख्य कुटुंबांच्या हातात आहेत आणि त्यांना त्याची खबर नाही.

मोठे आतडे ही सुमारे दीड मीटर लांबीची नळी असून, तिच्या आतील अस्तरातील पेशी दर चार-पाच दिवसांनी झडून तेथे नव्या पेशी येत असतात. आयुष्यभर अव्याहत चालणाऱ्या या नूतनीकरणात कोठेतरी शिस्त बिघडते, जुन्या पेशी वेळेवर मरत नाहीत, नव्या मात्र उपजत राहतात, आणि मग त्या ठिकाणी एक उंचवटा तयार होतो. त्याला डॉक्टर मंडळी 'पॉलिप' म्हणतात, आपण कोंब म्हणू. मूळव्याधीचे कोंब ते हे नव्हेत, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. मूळव्याध हा गुदद्वारापाशी फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा विकार आहे आणि त्याचा कर्करोगाशी संबंध नाही. आतड्यातील सर्वच पॉलिप सारखे नसतात. पुष्कळसे निरुपद्रवी असतात. परंतु ज्यांना 'ॲडिनोमा' असे नाव आहे, ते ग्रंथिपेशींचे कोंब कर्करोगाची पूर्वावस्था म्हणून ओळखले जातात. त्यांतील बहुसंख्य कोंब आयुष्यभर कोंबच राहतात, ही गोष्ट खरी. पण मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांचा उगम मात्र अशाच एखाद्या कोंबात झालेला असतो, ही गोष्टही तितकीच खरी. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे एरिक फिअरन आणि बर्ट व्होगलस्टाइन यांनी १९९० मध्ये या प्रवासाचे टप्पे मांडले: प्रथम पेशीची वाढ रोखून धरणारे 'एपीसी' नावाचे जनुक निकामी होते, मग 'के-रास' हे वाढीची आज्ञा देणारे जनुक बेफाम होते, आणि शेवटी बिघडलेल्या पेशीला मरण्यास लावणारा 'पी-५३' हा पहारेकरीही नाहीसा होतो. या साऱ्याला सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. इतकी दीर्घ मुदत देणारे व्याधी फार थोडे आहेत, आणि या मुदतीचा इतका थोडा उपयोग करून घेणारे आपल्यासारखे लोकही फार नसावेत.

दुर्बिणीतून दिसणारे दृश्य मी दादांच्या प्रकरणानंतर स्वतःच्या तपासणीच्या वेळी पाहिले आहे. आदल्या दिवशी रेचकाची पूड दोन लिटर पाण्यात कालवून घोट घोट पिऊन आतडे धुऊन काढावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी कुशीवर निजावयाचे, एवढीच तयारी. समोरच्या पडद्यावर ओलसर, गुलाबी रंगाची, वळ्यावळ्यांची एक गुहा सरकत असते. तिच्या एका वळीआड पावसाळ्यात उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्रीसारखा, बारीक देठावर उभा असलेला, वाटाण्याएवढा एक कोंब मला दिसला. डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच तारेचा एक फास पुढे सरकविला, देठाभोवती आवळला, विजेचा किंचित प्रवाह सोडला, आणि तो कोंब अलगद सुटून आला. वेदना अशी झालीच नाही, कारण आतड्याच्या अस्तराला कापल्याची जाणीव नसते. एका लहानशा बाटलीत बुडवून तो तपासणीसाठी रवाना झाला आणि मी दुपारी चालत घरी आलो. तारेच्या फासाची ही युक्ती हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ या दोघा शल्यविशारदांनी १९६९ साली न्यूयॉर्क येथे दुर्बिणीला जोडून दाखविली. तत्पूर्वी असा कोंब काढावयाचा म्हणजे पोट उघडावे लागे. हे कोंब काढून टाकलेल्या अमेरिकन रुग्णांचा पुढे दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यातील या कर्करोगाचे मृत्यू सर्वसाधारण लोकांच्या अपेक्षित प्रमाणाच्या मानाने ५३ टक्क्यांनी कमी भरले.

आता या कोंबांचा आणि कमरेच्या घेराचा संबंध काय, या मुख्य प्रश्नाकडे वळू. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा एक निर्देशांक वैद्यकात रूढ आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले म्हणजे तो मिळतो. निरनिराळ्या देशांतील अनेक पाहण्या एकत्र करून २०१२ मध्ये जो हिशेब मांडण्यात आला, त्यात हा निर्देशांक दर पाच अंकांनी वाढला असता ॲडिनोमा आढळण्याची शक्यता सुमारे एक-पंचमांशाने वाढते, असे दिसून आले. पाच अंक म्हणजे काय, तर १६५ सेंटिमीटर उंचीच्या मनुष्याच्या बाबतीत सुमारे साडेतेरा किलो. म्हणजे विवाहापासून निवृत्तीपर्यंत आपल्याकडील मध्यमवर्गीय माणूस जेवढा भार नकळत अंगावर चढवितो, साधारण तेवढाच. ही गोष्ट केवळ पाश्चात्त्य देहाची आहे असेही नाही. जपानच्या आत्मसंरक्षण दलातील निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांची जी नियमित तपासणी होते, तिच्या आधारे जपानी संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात असाच संबंध दाखवून दिला आहे. आणि हे अधिकारी कवायतीत मुरलेले, पाश्चात्त्यांच्या मानाने सडपातळ असेच होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी तर जागतिक आरोग्य संघटनेच्या लियाँ येथील कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये पुराव्याची छाननी करून असा निकालच दिला, की मेदवृद्धीचा अभाव ज्या १३ कर्करोगांपासून माणसाचे संरक्षण करतो, त्यांत हा कर्करोग समाविष्ट आहे.

पोटातील चरबी हे निष्क्रिय ओझे आहे, ही आपली समजूत आता सोडून दिली पाहिजे. कातडीखालची चरबी बव्हंशी साठवणीचे काम करते. परंतु यकृत, आतडी आणि स्वादुपिंड यांच्या भोवती जी चरबी साचते, ती रात्रंदिवस रक्तात निरनिराळी द्रव्ये सोडीत असते. तिच्यामुळे शरीराच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन निर्माण करते. आणि इन्सुलिन व त्याच्या नात्यातील वाढ-घटक यांचा आतड्याच्या अस्तराला मिळणारा संदेश असा, की वाढा, विभागा आणि मरू नका. ज्या पेशींची शिस्त आधीच बिघडू लागली आहे त्यांना असा हुकूम मिळाल्यावर काय होणार, हे सांगावयास नको. त्याच्या जोडीला, ही चरबी शरीरात एक मंद दाह पेटता ठेवते. भुशातल्या आगीप्रमाणे त्याची ज्वाळा दिसत नाही, ताप येत नाही, दुखत नाही, पण आत धग कायम राहते. चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन वाढते, संरक्षक असे ॲडिपोनेक्टिन घटते, आणि आतड्यातील जिवाणूंचा व पित्तद्रव्यांचा मेळही पालटतो. हे सर्व एका दिवसात घडत नाही. कंबर ३० इंचांवरून ३९ इंचांवर जाण्यास जेवढी वर्षे लागतात, तेवढीच वर्षे हा कारभार आत चाललेला असतो.

या विवेचनातील आशेचा भाग असा, की ही वाट एकेरी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हजारो स्त्री-पुरुषांवर जी मोठी चाचणी चालविली, तिच्यातील माहितीवरून २०२२ मध्ये असे दिसून आले, की प्रौढ वयात ज्यांचे वजन दर पाच वर्षांना निदान अर्ध्या किलोने उतरत गेले, त्यांच्यात ॲडिनोमा आढळण्याची शक्यता वजन स्थिर असणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी होती. आणि ज्यांचे वजन दर पाच वर्षांना तीन किलोंहून अधिक वाढत गेले, त्यांच्यात ती सुमारे ३० टक्क्यांनी अधिक होती. पाच वर्षांत अर्धा किलो! ज्याला आपण मामुली म्हणून हिशेबातही धरीत नाही असा हा उतार आहे. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होतो असे शास्त्रज्ञ म्हणणार नाहीत. परंतु अतिरेकी उपवासांनी देहाला शिक्षा करण्यापेक्षा वाढ रोखणे आणि हळूहळू थोडे उतरणे हाच शहाणपणाचा मार्ग होय, एवढे त्यावरून खात्रीने म्हणता येते.

येथे एक आक्षेप निघेल, की स्थूलता हा श्रीमंत देशांचा प्रश्न असून आपण भारतीय मुळात सडपातळ आहोत. या आक्षेपाला उत्तर पुण्यातच मिळाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा स्नेह्यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही वजन-निर्देशांक अगदी एक, २२.३, दिसावयास दोघेही सडसडीत. परंतु शरीरातील चरबीचे मोजमाप केले तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. वजनकाटा दोघांविषयी एकच साक्ष देत होता आणि देहाची अंतर्गत स्थिती दुपटीहून अधिक भिन्न होती. ही भिन्नता जन्मापासूनच असते, हेही याज्ञिकांच्याच कार्यातून पुढे आले. पुण्याभोवतालच्या खेड्यांत जन्मणाऱ्या बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो, परंतु आपले हे अशक्त दिसणारे बाळ स्नायूंत कमी पडते, चरबीत तेवढे कमी पडत नाही. बारीक हातापायांवर सुटलेले पोट, हे चित्र आपल्याकडे कोणत्याही कचेरीत, कोणत्याही लग्नाच्या पंगतीत दिसते, आणि त्याच्या धन्याला आपण स्थूल म्हणत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी वजन-निर्देशांकाची मर्यादा २५ वरून २३ वर आणली गेली आहे आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, अशी ठरली आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर पाच स्त्रियांपैकी दोघी ही मर्यादा ओलांडून गेलेल्या आढळल्या. प्रश्न श्रीमंत देशांचा राहिलेला नाही.

माझ्या म्हणण्याला असलेल्या मर्यादाही मी येथेच नमूद करतो. स्थूलता हे अनेक कारणांपैकी एक आहे. वय, घराण्यातील पूर्वेतिहास, तंबाखू, मद्य, बैठे काम, आणि आहारात चोथ्याची वाण, ही सारी कारणे तिच्याबरोबरीने काम करतात. किडकिडीत माणसालाही हा कोंब होतो, आणि पुष्कळ स्थूल माणसे निष्कलंक आतडे घेऊन ऐंशी वर्षे जगतात. समजा, शंभर माणसांत वीस जणांना असा कोंब असेल, तर तेवढीच, परंतु साडेतेरा किलो अधिक वजनाची शंभर माणसे घेतल्यास तो तेवीस-चोवीस जणांत आढळेल. धोका वाढतो तो इतका. दादांचा रोग त्यांच्या पोटामुळेच झाला असे मी म्हणत नाही. एका व्यक्तीविषयी तसे कोणत्याही वैद्याला म्हणता येणार नाही. परंतु एका व्यक्तीच्या बाबतीत लहान दिसणारी ही वाढ कोट्यवधींच्या देशाला लावली, म्हणजे तिचा आकार ध्यानात येतो. शिवाय, हा कर्करोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने अजून पुष्कळ कमी आहे, हे खरे. १९८७ पासून सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण कर्करोगाचे जे दप्तर ठेवले जाते, त्यात त्याचे प्रमाण थोडे आहे आणि मुंबईच्या नोंदणीत त्याहून अधिक आहे. याचा अर्थ सुरक्षिततेचा दाखला मिळाला असा नव्हे. जपानमधून अमेरिकेत जाऊन वसलेल्या लोकांत हाच रोग एक-दोन पिढ्यांत तेथील गोऱ्या लोकांच्या पातळीजवळ पोहोचला, असे १९६८ मध्येच दिसून आले होते. वंश तोच राहिला, पालटले ते ताट आणि दिनक्रम. आपण तर देश न सोडता, बार्शीहून मुंबईला आणि भाकरीहून फरसाणाला, तोच प्रवास करीत आहोत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आलेल्या ८०० रुग्णांच्या एका पाहणीत त्यांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते. ज्या वयात मुले अजून शाळा-कॉलेजात आणि घराचे हप्ते अर्धे फिटलेले असतात, ते हे वय.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट भाषेची आहे. कोणाच्या देहाची टवाळी करणे हे असंस्कृतपणाचे लक्षण आहे, आणि ज्याला दिवसाचे बारा तास लोकलमध्ये व कचेरीत काढावे लागतात, ज्याच्या वस्तीत चालावयास पदपथ नाही आणि ज्याच्या खिशाला परवडणारे चमचमीत अन्न म्हणजे तळलेले अन्नच, त्याला त्याच्या पोटाबद्दल दोष देणे हा अन्याय आहे. परंतु टवाळी नको म्हणून कौतुक हवे, असे नाही. 'लग्न मानवलं', 'सुख अंगी लागलं', या दुष्काळाच्या काळातून आलेल्या वाक्प्रचारांनी पोटाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली आहे, ती आता काढून घेतली पाहिजे. जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेले कडधान्य, पालेभाजी यांना पुन्हा मानाचे पान द्यावे. 'अजून एक घ्याच' हा आग्रहाचा रिवाज पंगतीतून हद्दपार व्हावा. आणि रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली ही म्हातारपणाची नव्हे, तिशीची सवय व्हावी.

दुसरी गोष्ट मूळव्याधीविषयीच्या संकोचाची. शौचावाटे रक्त, मलविसर्जनाच्या सवयीत अकारण झालेला आणि टिकून राहिलेला पालट, कारण न सापडणारा रक्तक्षय, यांपैकी काहीही आढळल्यास ते मूळव्याधच आहे असे तपासणीवाचून कोणी ठरवू नये: रुग्णाने नाही, घरच्यांनी नाही, आणि डॉक्टरांनी तर मुळीच नाही. आईवडील वा सख्खे भावंड यांना हा रोग झाला असेल, तर तक्रारीची वाट न पाहता, चाळिशीच्या आतबाहेरच डॉक्टरांचा सल्ला घेऊन दुर्बीण करून घ्यावी. माझी तपासणी झाली ती दादा गेल्यामुळे. ज्या माहितीने माझा कोंब वेळेवर निघाला, ती त्यांच्या जिवाच्या मोलाने मिळालेली आहे, हे मी विसरू शकत नाही.

तिसरी गोष्ट सरकारच्या कर्तव्याची. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ पासून तिशीपुढील स्त्री-पुरुषांच्या तपासणीची जी व्यवस्था ठरली आहे, तीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत. मोठे आतडे नाही. सरसकट सर्वांची दुर्बिणीने तपासणी करा, अशी मागणी मी करणार नाही; रोगाचे आजचे प्रमाण आणि आपल्याकडील तज्ज्ञांची संख्या पाहता ती अव्यवहार्य होईल. परंतु विष्ठेतील अदृश्य रक्त शोधणारी एक साधी, स्वस्त चाचणी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ती दरवर्षी केल्याने या कर्करोगाचे मृत्यू एक-तृतीयांशाने घटल्याचे १९९३ मध्येच सिद्ध झाले. ती प्रथम जोखमीच्या लोकांसाठी, काही निवडक जिल्ह्यांत, काळजीपूर्वक सुरू करून पाहावी, आणि ज्यांच्या चाचणीत दोष दिसेल त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दुर्बिणीची व ती वापरणाऱ्या वाकबगार हातांची तरतूद असावी. या कामाची सुरुवात तर झालेलीच आहे. आशा सेविका घरोघर जाऊन जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात कमरेच्या घेराचा एक रकाना आहे. ९० आणि ८० हे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. या रकान्यात आकडा भरला गेला, अर्ज दप्तरी दाखल झाला, आणि पुढे काहीच घडले नाही, असे होता कामा नये. ज्याचा घेर मर्यादेबाहेर आहे त्याला शौचातील रक्ताविषयी आणि घराण्यातील रोगाविषयी स्पष्ट प्रश्न विचारला जावा, आणि उत्तर होकारार्थी आल्यास त्याला पुढच्या तपासणीचा दिवस लिहून दिला जावा. एवढ्यासाठी नवे खाते काढावे लागत नाही. आहे त्या खात्याने आपलाच अर्ज वाचला तरी पुरे.

वाचकांना माझी विनंती साधी आहे. आज रात्री घरातील शिवणाची फीत काढा. बरगडीचे शेवटचे हाड आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता, ती समपातळीत गुंडाळा. पाटलोणीच्या मापावर विसंबू नका, कारण सुटलेल्या पोटाखाली बांधलेली पाटलोण खरे माप सांगत नाही. आकडा तारखेसह एका वहीत लिहा, घरातील प्रत्येक प्रौढ माणसाचा लिहा, आणि दर सहा महिन्यांनी ताडून पाहा. आमच्या शिंपीदादांच्या वहीत दादांच्या देहाची अशी नोंद पंचवीस वर्षे होत होती. ती वाचून सावध होणारे कोणी नव्हते, एवढीच उणीव राहिली. ती वही आता तुमच्या घरी असू द्या, आणि ती वाचा.